हिरवी देऊन लाल घेतलीस

भाऊ, आपलं घर एका बैलाचं होतं. किन्हीराजात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. पण हे वाचणारे सगळेच शेतातले नसतील, म्हणून लिहितो. एक बैल म्हणजे अर्धी जोडी, आणि अर्ध्या जोडीनं ना वखर चालत, ना तिफण. दुसरा बैल शेजाऱ्याचा आणायचा, बदल्यात आपला त्याला द्यायचा, आणि पेरणी आधी त्याची. जमिनीला पेरणीजोगा वाफसा असतो दोन दिवस. त्याचं शेत पेरून होईस्तोवर आपल्या शेताचं ढेकूळ होऊन बसायचं. दर साली आपली ज्वारी लोकांच्या ज्वारीहून हातभर ठेंगणी, आणि दर साली होळीनंतर आपल्या चुलीवर नुसत्या कण्या. पोळ्याला लोक जोड्या सजवून तोरणाखाली उभे राहायचे आणि बाबा आपल्या एकट्या बैलाला, बांड्याला, धरून सगळ्यांच्या मागे. कोणी ना कोणी विचारायचंच, "काहून बापा, याचा जोडीदार माहेरी गेला का?" बाबा हसायचे. ते हसणं मी विसरलो नाही. तूही विसरला नव्हतास, आणि पुढचं सगळं वाईट त्यातूनच निघालं असं मला वाटतं.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुझ्या तेराव्याला सगळं गाव चांगलंच बोललं. ज्यांनी तुला जिवंतपणी 'मोटारवाला म्हादा' म्हणून पारावर बसू दिलं नाही, ते बुंदी खाऊन म्हणाले, हिरा गेला. मी ऐकून घेतलं. आता माझी पाळी आहे आणि मी खरं लिहिणार आहे. तुला खरं फारसं आवडायचं नाही. खोटं चालायचं, फक्त ते मोठ्या आवाजात सांगितलेलं असावं लागायचं.

तू चौथीतून उठून अकोल्याला रहीम मिस्त्रीच्या मोटारींच्या कारखान्यात गेलास. मी शाळेत राहिलो. हे कोणी ठरवलं ते मला कधीच कळलं नाही. बाबा म्हणतात तू ठरवलंस, तू म्हणायचास बाबांनी. तुझ्या पगारातून आधी मोऱ्या आला आणि आपल्या दारात जोडी झाली. मग माझी वाशीमची शाळा झाली, मग अमरावतीचं कॉलेज. आपल्या घराण्यात तुझ्या चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बीए झालो. हे मी ताठ मानेनं लिहितो, आणि ते तुझ्या काळ्या नखांवर झालं हेही लिहितो. न लिहून उपाय नाही, कारण तू ते न्हाव्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं आहेस. "आमी पिस्टन घासले तवा हा बीए झाला." दाढी करता करता न्हावी मला हेच ऐकवतो. अजून ऐकवतो.

हिरवी गाडी कशी आली ते मला पाठ आहे. कापसाच्या एका जिनिंगचा गोरा मॅनेजर विलायतेला निघून गेला आणि त्याची ती दोन माणसांची शर्यतीची गाडी मिस्त्रीच्या अंगणात पडून राहिली. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मिस्त्रीकडे तुझा पगार थकला होता, त्याच्याऐवजी तू ती मागून घेतलीस. वर्षभर रोज काम संपल्यावर तू तिच्याखाली आडवा. एक दिवस तू ती घेऊन दारात उभा राहिलास. बाबांनी तिच्याभोवती फेरी मारली, दिव्यांना हात लावला आणि विचारलं, "माणसं किती बसतात?"

"दोन."

घरात आपण चौघं. वहिनी पदरात हसून म्हणाली, "मंग बाकीच्या दोघाईनं ढकलाचं का?"

त्या साली पोळ्याला तू हिरवी बैलांच्या रांगेत उभी केलीस. दिव्यांना हळद-कुंकू, टपाला झूल. पाटलाचा माणूस आला आणि म्हणाला, "म्हादा, वेसन नसलेलं जनावर तोरनाखाली येत नाई." तू म्हणालास, "मंग वेसन माह्या नाकात घाल, मी तिले वढतो." सगळे हसले. तुला वाटलं ते तुझ्या बाजूनं हसले. मी तुझ्या मागे उभा होतो, मला त्यांची तोंडं दिसत होती. मी तुला ते कधी सांगितलं नाही.

अशा पुष्कळ गोष्टी मी तुला सांगितल्या नाहीत. एक तर माझ्या निकालाच्या वेळची. तू अमरावतीपर्यंत हिरवी घेऊन आलास, मला घ्यायला. येताना प्रत्येक गाव आलं की गाडी थांबवायचास, फडक्यानं बॉनेट पुसायचास, आणि जमलेल्या लोकांना सांगायचास, "हा माहा भाऊ. बीए हाय." शेतातून आलेल्या बायका माझ्याकडे अशा पाहायच्या जसा मी सर्कशीतला आहे. तिसऱ्या गावाला मी तुला म्हणालो, "भाऊ, मला पुढच्या फाट्यावर उतरव. मी सर्व्हिसच्या मोटारीनं येतो." तू पुढे कुठल्याच गावात थांबला नाहीस, धूळ उडवत थेट घरी आणलंस. तुझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस होता आणि मी त्याचा अर्धा खाऊन टाकला. याची माफी मागायची राहिली. आता मागून काय उपयोग, पण राहिली हे नोंदवतो.

आणि मग रिठदचे बापूसाहेब.

शेकडो एकर रान, नागपूरला तीन वर्षं कॉलेज आणि एकही परीक्षा नाही. त्यांनीही अशीच एका निघून गेलेल्या साहेबाची जुनी गाडी घेतली होती. तीही दोन माणसांची, पण लाल. तुझी हिरवी ज्या कंपनीची, तिच्या हाडवैरी कंपनीची ती लाल. विलायतेत शर्यतीत या दोघींची कशी चुरस असते हे तू मला असं सांगायचास, जसा काय तिथं बसून पाहून आलास. तुझ्या मते हिरवी खानदानी होती आणि लाल नुसती नखरेल. "ते बाजारातली हाय," तू म्हणायचास. "रंगावर लोक भुलतात."

मालेगावच्या बाजाराच्या दिवशी सकाळी दोघींची शर्यत लागली. मालेगावहून वाशीम. मी तुझ्या शेजारी होतो, कारण गाडीत वजन पाहिजे म्हणालास. बीएचा तेवढा उपयोग. पहिल्या कोसात आपण पुढे होतो. नंतर लाल बाजूनं निघून गेली आणि मग वाशीमपर्यंत मी फक्त तिची धूळ खाल्ली. गावाच्या अलीकडे निंबाखाली बापूसाहेब बशीत चहा ओतून बसले होते.

"या म्हादबा, चहा निवून राह्यला."

तू उतरलास, चहा घेतलास. त्यांनी हिरवीच्या पाठीवर थाप मारली, जशी म्हशीला मारतात. "तुही गाडी बरी हाय," ते म्हणाले. "पन बरीच हाय."

परत येताना तू एकच वाक्य बोललास. "त्यानं नाई हरवलं मले. गाडीनं हरवलं." पुढचे दोन महिने तू तेच वाक्य बोलत राहिलास, जेवताना, आंघोळ करताना, झोपेत.

हे सगळं चाललं होतं तेव्हा वहिनीच्या डोक्यात दुसरंच होतं. खरं तर ते तुझ्याच डोक्यातून तिच्या डोक्यात गेलं होतं. रहीम मिस्त्रीकडे एक जुनी लॉरी होती. तिला बाकडी बसवायची, वर ताडपत्री, आणि मालेगाव-वाशीम आपली सर्व्हिस काढायची. अकोल्याचा एक डॉक्टर हिरवीवर भाळला होता. ती त्याला विकली की त्या पैशात लॉरी आपली. तू हे बोललास आणि विसरलास. वहिनी विसरली नाही. ती एक अख्खा बाजाराचा दिवस मालेगावच्या रस्त्याला बांधावर बसून राहिली, वाशीमकडे पायी जाणारी माणसं पाहत. कोणाच्या डोक्यावर काय आहे, कोण कडेवर पोर घेऊन चाललं आहे, कोण म्हातारं मध्येच बसतं. घरी येऊन म्हणाली, "माणसं हायत. गाडी नाई."

मला वाटतं आपल्या घरात शहाणपणाचं एवढं एकच वाक्य बोललं गेलं, आणि ते चौथीही न शिकलेल्या बाईनं बोललं. बाबांना आता उन्हात वखर धरणं होत नव्हतं. तू एव्हाना दुसऱ्याच्या सर्व्हिसवर ड्रायव्हर, मालक म्हणेल तेव्हा उपाशी. ती लॉरी म्हणजे या घराचं पुढचं सगळं होतं. हे तुला माहीत होतं. म्हणूनच मला तुझी दया येत नाही.

एका संध्याकाळी तू रिठदहून आलास, चेहरा असा की लग्न जमवून आलास. म्हणालास, सौदा झाला. हिरवी देऊन लाल घेतली.

"अना डॉक्टरले काय सांगाचं?" वहिनीनं विचारलं.

"सांगन काही."

"अना लॉरी?"

"लॉरी कुठं पयून जाते?"

मी म्हणालो, "बापूसाहेब जिंकणारी गाडी देऊन हरणारी कशाला घेतील?"

"वरून मोऱ्या देऊन राह्यलो."

बाबा दारात बसले होते. मोऱ्या गोठ्यात होता. घर पुन्हा एका बैलाचं होणार होतं, आणि हे बाबांच्या तोंडावर, त्यांना न विचारता, तू चप्पल काढता काढता सांगितलंस. बाबा म्हणाले, "तुह्या पैशाचा हाय. ने."

त्या दिवशी आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही, म्हणून माझा मुद्दा पुन्हा मांडतो, आता तुला मध्येच उठून जाता येणार नाही. मी म्हणालो, पुन्हा शर्यत लावशील, तू लाल गाडीत, ते हिरव्या. जिंकलास तर लोक म्हणतील लाल जिंकली. हरलास तर म्हणतील म्हादा हरला. बापूसाहेब हरले तर त्यांचं नाव जात नाही, जिंकले तर वाढतं. त्यांनी सौदा उगाच नाही केला. या सौद्यात तुझी जीत आहे कुठं?

तू म्हणालास, "तुह्या कॉलेजात जिंकाचं शिकवत नाईत. हराचं तेवढं शिकवतात, अना तेही सही-शिक्क्याचं."

"भाऊ, हे गणित आहे."

"मले आपल्या भाषेत शिवी दे एक वेळ. पन हे अमरावतीचं बोलू नको माह्याशी."

मी शिवी दिली नाही. द्यायला पाहिजे होती. ती तुला कळली असती.

सौद्याचा दिवस. आपलं अंगण, अर्धं गाव जमलेलं. आधी मोऱ्या. बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गळ्यातलं दावं सोडून घेतलं. आपल्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते. घेणारा आपलं दावं आणतो. बापूसाहेबांच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "तुमी दावं राखलं तं आमीबी राखतो." आणि त्यानं लाल गाडीच्या बॉनेटवरचा चामड्याचा पट्टा सोडला. शर्यतीच्या गाड्यांना तो असतो, बॉनेट उघडू नये म्हणून वरून आडवा आवळलेला, बैलाच्या पोटपट्ट्यासारखा. गाडीच्या अंगावर गळ्यातल्या दाव्यासारखं दुसरं काही नव्हतंच. लोकांना पटलं. तुलाही पटलं. तू हिरवीचा पट्टा सोडून खांद्यावर टाकलास. पंधरा वर्षं मोटारींत हात घातलेला मिस्त्री तू, तुला त्या पट्ट्याचं काम माहीत नव्हतं असं मी मानणार नाही. पण सगळं गाव पाहत होतं, आणि लक्ष्मीच्या गोष्टीत माघार घेणारा तू नव्हतास.

कागद मी लिहीत होतो. बाजेवर बसून, मांडीवर पाटी. 'उभय पक्षांनी आपापल्या गाडीचा पट्टा रिवाजाप्रमाणे राखून ठेवला आहे.' चांगलं वाक्य होतं. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "लिव रे बीए. एवढ्याचसाठी शिकवलं तुले." लोक खो खो हसले. या वेळी तूही माझ्याकडे पाठ करून हसत होतास.

मग बापूसाहेब माझ्याजवळ आले आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. आपल्या अंगणात, शेणानं सारवलेल्या जागेवर, रिठदचे बापूसाहेब माझ्याशी इंग्रजीत. ते म्हणाले, लाल गाडीच्या बॉनेटच्या कड्या झिजल्या आहेत, सगळा भार पट्ट्यावर आहे, तुमच्या भावाला म्हणावं अकोल्याहून नवा पट्टा आणेस्तोवर जोरात चालवू नको. मी इंग्रजीतच उत्तर दिलं, की मी बघतो. मागून कोणीतरी म्हणालं, "पाह्यलं का, म्हादाचा नाऱ्या सायबासारखा बोलून राह्यला." ते वाक्य मी ऐकलं. निकालाच्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

तू विचारलंस, "का म्हने तो?"

मी म्हणालो, "काही नाही. गाडीचं."

हे मला लिहायचं होतं. आधीचं सगळं इथपर्यंत यायला लिहिलं.

तीन दिवस मी गप्प राहिलो. विसरलो नव्हतो. दर जेवणाला आठवायचं. तू अंगणात हिरवीचा पट्टा लालच्या बॉनेटवर ओढून पाहत होतास. लालचं बॉनेट रुंद, पट्टा चार बोटं कमी पडत होता. तू त्याला अंबाडीची दोरी जोडलीस आणि गाठ मारलीस. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. वहिनी म्हणाली, "बरं दिसत नाई ते." तू म्हणालास, "सध्यापुरतं हाय." मी पान उलटलं. माझ्या मनात काय होतं ते सांगतो. ते झाकण एकदा भर रस्त्यात उघडावं, लोकांनी पाहावं, तुझी फजिती व्हावी, आणि मग मी शांतपणे म्हणावं की मला हे माहीत होतं. एवढंच हवं होतं मला. त्यानं माणूस मरतो हे मला माहीत नव्हतं. गाड्यांचं मला काहीच माहीत नव्हतं, मी फक्त बीए होतो.

शर्यतीच्या दिवशी मी आलो नाही. कागद लिहिला त्या दिवसापासून मी अबोला धरला होता. पुढचं सगळं ऐकीव आहे. वाशीमच्या रस्त्यावर नाल्याच्या अलीकडे दोरी तुटली. बॉनेटची एका बाजूची झडप वाऱ्यानं उचलली, बिजागरीतून उखडली आणि काच फोडून तुझ्या तोंडावर आली. गाडी बाभळीवर गेली. मागून बापूसाहेब येत होते. त्यांनी तुला उचलून हिरवीत घातलं, शेजारच्या सीटवर, आणि मालेगावच्या दवाखान्यात नेलं. काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. ते म्हणाले की तू पुढे होतास. तुला हे ऐकायचं असणार म्हणून लिहिलं. किती पुढे, ते मी विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर ते आले. हिरवीत बसून आले, हातात लालचा पट्टा. खरं सांगायचं तर यायला छाती लागते. बाबांच्या पायाशी त्यांनी तो पट्टा ठेवला. म्हणाले, "हे आता मले ठेववत नाई."

वहिनी आतून आली. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली. म्हणाली, "आता त्याचं मी काय करू? कमरेले बांधू?"

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "वयनी, मी सांगतलं होतं. कड्या झिजल्या हायत, पट्ट्याबिगर पयवू नका म्हनून. नारायनरावाले सांगतलं होतं मी, तवाच."

अंगणात बाबा, वहिनी, ते आणि मी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं वहिनी आता मला बोलणार, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. ती माझ्याकडे वळलीच नाही. ती त्यांना म्हणाली, "गाडी कोनाले दिली होती तुमी?"

"म्हादबाले."

"मंग त्याईची गोष्ट त्याईले काहून नाई सांगतली? तुमाले मराठी येत नाई का?"

भाऊ, मी अमरावतीला चार वर्षं मोठमोठे वक्ते ऐकले. असं वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकलं नाही. ते वाक्य त्यांना होतं, आणि त्यातला प्रत्येक शब्द मला होता, आणि तिला ते ठाऊक होतं.

मग ती म्हणाली, "गाडी ठेवून जा. अना आमचा बैल धाडून द्या."

ते गाडी ठेवून गेले. किन्हीराजाहून मालेगावपर्यंत पायी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गड्यानं मोऱ्या आणून बांधला. मी कोणालाही थांबवलं नाही, मध्यस्थी केली नाही, कायद्यानं कोणाचं काय लागतं ते सांगितलं नाही. मला विचारलंच नव्हतं कोणी.

बाबा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर बसलेला असताना वहिनीला सांगतात, "त्या बीएले म्हनाव जेवून घे." तुझा शब्द त्यांनी उचलला. तू तो चिडवायला म्हणायचास, त्यात थोडा गूळ असायचा. बाबांच्या तोंडी तो नुसता शब्द आहे.

मला राग आहे तुझा, हेही तुला सांगून टाकतो. तुला माझं पाप माझ्यावर टाकून निघून जाता आलं. तू स्वतः मिस्त्री, तुला कड्या दिसल्या नाहीत? बॉनेट उघडून तू तिचं इंजिन दहा जणांना दाखवलंस, तेव्हा त्या तुझ्या हातात होत्या. मी हे स्वतःला हजार वेळा सांगितलं आणि ते खरं आहे. पण तू सरळ मला विचारलं होतंस, का म्हने तो. त्याच्यापुढे हे खरं टिकत नाही. आणि तरी कधी कधी जेवताना मला तू आठवतोस तो अमरावतीच्या रस्त्यावरचा, फडक्यानं बॉनेट पुसणारा, अनोळखी बायकांना माझी डिग्री सांगणारा. माझ्यासाठी एवढं मिरवणारं दुसरं कोणी या जगात होणार नाही. घास तिथेच थांबतो. मग पुन्हा राग येतो, आणि जेवण होतं.

हिरवी आम्ही डॉक्टरला दिली. वहिनी माझ्याबरोबर अकोल्याला आली, तुझ्या माघारी पहिल्यांदा घराबाहेर. निघताना बाबा तिला म्हणाले, बाभळीपासून आणलेला हिरवीचा पट्टा तरी रिवाजाप्रमाणे ठेव. ती म्हणाली, "राखून पाह्यलं ना एकदा, बाबा." सगळं देऊन टाकलं. रहीम मिस्त्रीनं लॉरीला बाकडी बसवून दिली, तुझ्या नावानं रडला, ताडपत्री स्वतःची घातली, आणि चालवायला आपला एक माणूस दिला.

सर्व्हिसच्या लायसनचा अर्ज मी कचेरीतल्या साहेबाशी बोलून इंग्रजीत लिहिला. वहिनीनं अंगठा करायच्या आधी म्हटलं, "वाचून दाखवा, भाऊजी." मी वाचला. "आता मराठीत सांगा." मी मराठीत सांगितला. "अजून काही बोलले का ते साहेब?" मी म्हणालो, नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, पुरेसा वेळ, मग अंगठा केला. आता घरात कुठलाही कागद आला की असंच होतं, आणि मी दर वेळी शेवटच्या ओळीपर्यंत सांगतो. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, बाईच्या नावावर काहून, हे बीए झालेले आहेत ना? वहिनी म्हणाली, "मेला तो कोनाचा होता?" त्यानं कागद पुढे सरकवला.

तू असतास तर हे झालं नसतं. लाल जिंकली असती तर तू तिसरी शोधली असतीस, हरली असती तर हिरवी परत मागायला रिठदला गेला असतास, बांड्या वरून देऊन. लॉरी मिस्त्रीच्या अंगणात राहिली असती. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. वहिनीही हे जाणते, बाबाही जाणतात. कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहिलं.

सर्व्हिस गेल्या सोमवारपासून चालू झाली. मालेगाव ते वाशीम, सकाळी एक फेरी, दुपारी एक. लायसन वहिनीच्या नावावर आहे. गाडी भरून जाते.